घराशेजारचा टर्फ रात्री वेळेत बंद करवून घ्यायचा तर

मैदान अमुक वाजता बंद झालंच पाहिजे असं सांगणारा, राज्यभर लागू होणारा एकच कायदा महाराष्ट्रात नाही. जर्मनीत क्रीडांगणांच्या आवाजासाठी १९९१ पासून वेगळी नियमावली आहे. आपल्याकडे तेच काम तीन-चार कायद्यांमधली कलमं जुळवून करून घ्यावं लागतं. म्हणूनच पोलीस ठाण्यात जाऊन ‘दहानंतर खेळायला बंदी आहे’ असं सांगितलं की ठाणे अंमलदार ‘कुठल्या कलमाखाली?’ असं विचारतो आणि तक्रारदार गप्प होतो.

ही माहिती बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलच्या भाड्याने चालणाऱ्या टर्फला धरून आहे. शाळेचं किंवा महापालिकेचं मैदान रात्री स्पर्धेला दिलं जातं तिथेही यातलं बहुतेक लागू पडतं. दुपारी चारला पोरं मैदानावर ओरडतात म्हणून मात्र यातलं काही वापरू नका. ती तक्रार टिकत नाही आणि टिकूही नये.

आधी कागद, मग डेसिबल

बहुतेक रहिवासी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप उतरवून सुरुवात करतात. ही सगळ्यात कच्ची सुरुवात. वस्तीतले बरेच टर्फ तात्पुरत्या परवानगीवर, भाडेकरारावर किंवा परवानगीशिवायच उभे असतात. परवानगी असेल तर वेळेची अट बहुधा त्याच कागदात लिहिलेली असते. ‘सकाळी ६ ते रात्री १०’ एवढी एक ओळ सापडली की आवाज किती होता हा वाद उरत नाही. अट मोडली, एवढंच दाखवायचं.

कागद मिळवण्याचा क्रम असा. आधी त्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा आणि त्यावरून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक घ्या. मग महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. जागा रहिवासी विभागात आहे, खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे की सोसायटीच्या मंजूर नकाशातली मोकळी जागा आहे, हे त्यातून कळतं. तिन्ही प्रकरणांत तक्रार वेगळ्या दिशेने जाते. सोसायटीच्या मोकळ्या जागेत व्यावसायिक टर्फ असेल तर मंजूर नकाशा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव मागायचा. महापालिकेचं मैदान ठेक्याने दिलं असेल तर करारनामा हा मुख्य दस्तऐवज. खासगी जागा असेल तर वापराची परवानगी.

परवानगीची प्रत माहिती अधिकारातून मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, म्हणून नगररचना आणि पोलीस यांना वेगवेगळे अर्ज करा. ‘परवानगी का दिली?’ असा प्रश्न विचारू नका, त्याला ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. फक्त प्रती मागा: परवानगीचा आदेश अटींसह, मंजूर नकाशा, दिव्यांच्या खांबांना दिलेली मंजुरी, नूतनीकरणाचा आदेश आणि आजवर झालेल्या तपासणीचे अहवाल. ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. परवानगी नसल्याचा तोच लेखी पुरावा. मग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५२ आणि ५३ खाली अनधिकृत वापराची तक्रार करता येते आणि ती आवाजाच्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरते.

आवाजाचा नियम नेमकं काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये रहिवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. व्यापारी क्षेत्रात हेच आकडे ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सकाळच्या साडेपाचच्या स्लॉटलाही रात्रीचाच नियम लागतो, हे बरेच जण विसरतात.

ध्वनिक्षेपक, म्हणजे गाणी, कॉमेंट्री, गोलनंतरचा हॉर्न, यांचा हिशोब सोपा आहे. लेखी परवानगीशिवाय तो दिवसाही लावता येत नाही आणि रात्री दहानंतर फक्त सभागृहासारख्या बंदिस्त जागेत चालतो. वर जाळी टाकली म्हणून टर्फ बंदिस्त होत नाही. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. रहिवासी भागात दिवसा म्हणजे ६०.

स्पीकर नसेल, नुसता आरडाओरडा, जाळीच्या पाइपवर आपटणारा चेंडू आणि शिट्टी असेल तर? क्षेत्राची मर्यादा तेव्हाही लागू असते. पण दिवसाच्या वेळेत मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज झाला तरच नियम ७ खाली तक्रार होते, म्हणजे रहिवासी भागात ६५ गाठावे लागतात. आणि ही मर्यादा सरासरीची आहे, क्षणभराच्या उसळीची नाही. संध्याकाळी सहा ते दहा असे चार तास सतत ६५ डेसिबल आवाज आला आणि उरलेले बारा तास ५० राहिला, तर सोळा तासांची सरासरी भरते सुमारे ५९. मर्यादा ओलांडली खरी, पण तक्रारीचा उंबरठा गाठला नाही. संध्याकाळच्या आवाजावर डेसिबल घेऊन भांडणारे इथेच हरतात. रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल तर मात्र १० डेसिबलची अट लागत नाही. म्हणून सगळा जोर रात्री दहानंतरवर ठेवा.

शांतता क्षेत्राबद्दल एक सावधगिरी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असं सर्रास लिहिलं जातं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नियमात असं आहे की शासनाने तसं घोषित केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र ठरत नाही. घोषित यादी पाहूनच तक्रारीत उल्लेख करा.

नोंदवही

सलग १४ दिवस नोंद ठेवा. ‘रोज रात्री उशिरापर्यंत त्रास’ या वाक्याला किंमत नाही. नोंद अशी हवी:

शुक्रवार. १०.५०, दोन्ही बाजूंचे दिवे चालू, सामना सुरू. ११.१०, दिवे बंद. ११.१० ते ११.३५, गेटबाहेर पंधरा-वीस जण, आठ दुचाकी, मोठ्याने बोलणं, रेस देणं. तिसरा मजला, मागची बेडरूम, खिडकी बंद असताना ऐकू आलं.

दिवे बंद होण्याची आणि माणसं पांगण्याची वेळ वेगळी लिहा. टर्फवाला ‘आमचा शेवटचा स्लॉट दहाला संपतो’ असं सांगतो आणि ते खरंही असतं. त्रास त्यानंतरच्या पाऊण तासाचा असतो. ज्या दिवशी टर्फ वेळेत बंद झाला तोही दिवस नोंदवा, त्याने वहीवरचा विश्वास वाढतो. व्हिडिओ घेताना सुरुवातीला घड्याळ किंवा फोनवरची वेळ दिसू द्या आणि मग न थांबता खिडकीकडे वळा. तुकडे जोडू नका. खेळणाऱ्यांच्या, विशेषतः मुलांच्या, चेहऱ्यांवर झूम करू नका, दिवे आणि गेट पुरेत. टर्फच्या बुकिंग अॅपवर रात्री ११ किंवा १२ चा स्लॉट विक्रीला दिसत असेल तर त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. चालकाच्या स्वतःच्या हातचा असा पुरावा दुसरा नाही.

मोजायचंच असेल तर

मोबाइल अॅपचा आकडा पोलिसांना अंदाज द्यायला ठीक, पुरावा म्हणून नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो दाबतो. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेला क्लास २ किंवा त्याहून अचूक क्लास १ चा मीटर भाड्याने घ्या. मीटर ‘ए’ भारांकावर (माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजणारी सेटिंग) ठेवा, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, भिंतीपासून शक्य तर साडेतीन मीटर लांब, माइकवर फोमची टोपी. भिंतीला चिकटवून मोजलं तर परावर्तनाने आकडा फुगतो आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. किमान १५ मिनिटांची सरासरी घ्या.

एकदा मोजून भागत नाही. मुंबई-पुण्यात रात्री दहाला रस्त्याचाच आवाज ४५ च्या वर असतो, मग टर्फचा वाटा किती? त्याच खिडकीत, त्याच वेळेला, टर्फ बंद असलेल्या दिवशीही मोजा. बंद असताना ५२ आणि चालू असताना ६१ आले तर तो जवळजवळ सगळा आवाज टर्फचाच. फरक दोन-तीन डेसिबलचा असेल तर आवाजाचा मुद्दा बाजूला ठेवा आणि परवानगीची अट, उपद्रव या वाटेने जा.

तक्रार: कुणाकडे, कशी

रात्री प्रत्यक्ष चालू असताना ११२ ला फोन करा आणि मिळणारा क्रमांक वहीत लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये, तक्रारदाराची ओळख उघड होऊ न देता पोलिसांनी आवाजाच्या तक्रारींवर कारवाई करावी, असं बजावलं आहे. नाव सांगण्याचा आग्रह झाला तर शांतपणे याची आठवण करून द्या.

लेखी तक्रार वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, प्रत महापालिकेच्या संबंधित विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. तिन्ही ठिकाणी आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. एका पानात बसवा: जागेचा सर्व्हे नंबर, घरापासूनचं अंतर मीटरमध्ये, नोंदवहीतले तीन सर्वांत वाईट दिवस, मोडलेली अट किंवा नियम, आणि नेमकी मागणी. मागणी ‘टर्फ बंद करा’ अशी नको. ‘रात्री १० ते सकाळी ६ वापर आणि दिवे बंद ठेवण्याचा लेखी आदेश द्यावा’ अशी हवी. संपूर्ण बंदी मागितली की अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समजूत घालतो आणि फाइल मिटते.

इंटरनेटवरून घेतलेले जुने नमुने वापरू नका. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली पाच वर्षं कैद, असं त्यांत लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दंड संहितेची २६८, २९० ही कलमंही १ जुलै २०२४ पासून गेली. आता भारतीय न्याय संहितेचं कलम २७० आणि २९२. जुनं कलम दिसलं की तक्रार वाचणाऱ्याचा अर्धा रस तिथेच संपतो.

कलम २९२ ची शिक्षा फक्त हजार रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि त्यावर काही होत नाही. ही वाट तेवढ्यावर सोडू नका. पुढे दोन दारं आहेत.

पहिलं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३८. आजूबाजूला राहणाऱ्यांना त्रास होत असेल तर एखाद्या जागेतलं संगीत, आवाज किंवा आवाज करणारा व्यवसाय थांबवण्याचा वा नियमित करण्याचा लेखी आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हा अधीक्षक देऊ शकतात. यात डेसिबलचा आकडा लागत नाही. तरी या कलमाचा अर्ज फार थोडे लोक करतात.

दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ग्रामीण भागात हा अर्ज प्रांताधिकाऱ्याकडे जातो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार कुणाकडे आहेत ते आयुक्त कार्यालयात विचारून मगच अर्ज टाका. दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतो, समोरच्याला म्हणणं मांडायला बोलावतो, मग आदेश कायम करतो. हा सार्वजनिक उपद्रवाचा उपाय आहे, एका घराचा नाही. दोन-तीन इमारतींतल्या आठ-दहा कुटुंबांच्या सह्या, फ्लॅट क्रमांकासह, हव्यातच. उपद्रव पुन्हा करू नये असा कायदेशीर मनाईहुकूम बजावला गेला आणि तरी तो चालू राहिला, तर न्याय संहितेचं कलम २९३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. इथे पोलिसांच्या हातात खरा अधिकार येतो.

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, पटण्यासारखं कारण असेल तर आणखी ६० दिवस. वर्षभर पत्रव्यवहार करत बसलात तर ही मुदत निघून जाते, म्हणून टर्फ सुरू झाल्याची तारीख पहिल्याच दिवशी नोंदवा. एकाच घराला त्रास असेल, लगतचा टर्फ आणि त्याला लागून तुमचीच भिंत, तर दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा हा मार्ग बरा.

चषकाच्या स्पर्धा

हिवाळ्यात मैदानावर तीन रात्री टेनिस बॉलची स्पर्धा, डीजे, कॉमेंट्री, फटाके. पाठीशी स्थानिक नेता असतो म्हणून लोक आधीच हात टेकतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: ध्वनिक्षेपकाला रात्री १२ पर्यंत सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस आणि ती सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी. त्या दिवसांची यादी जाहीर होते. क्रिकेटची स्पर्धा त्यात बसत नाही. बॅनर लागल्या दिवशीच ठाण्यात पत्र द्या की परवानगीत रात्री १० ची अट आणि आयोजकाचं नाव स्पष्ट लिहिलं जावं. स्पर्धा सुरू झाल्यावर स्टेजजवळ जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. आधी दिलेलं पत्र हाताशी असेल तर बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यालाही बंद करायला सांगणं सोपं जातं.

दिव्यांचं काय

बेडरूममध्ये येणाऱ्या फ्लडलाइटच्या उजेडासाठी आपल्याकडे आकड्यांत मर्यादा घालणारा कायदा नाही. उपद्रवाच्या अर्जात तो जोडता येतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची शिफारस अशी की उपनगरी वस्तीत खिडकीवर पडणारा उजेड रात्री दिवे कमी करायच्या ठरलेल्या वेळेआधी १० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि नंतर २ लक्सच्या वर नसावा. बंधनकारक नसलं तरी वाटाघाटीत हा आकडा उपयोगी पडतो. स्वस्त लक्समीटर खिडकीच्या काचेला समांतर धरून रीडिंग घ्या. उपायही सहसा महाग नसतो: दिव्याची मान खाली करणं आणि वर पत्र्याचा आडोसा लावणं.

टर्फवाल्याशी करार करताना

वरचं सगळं हातात ठेवून चालकाशी बसलात तर बरेचदा पुढे जावंच लागत नाही. ‘आवाज कमी ठेवू’ हे आश्वासन घेऊ नका, मोजता येणाऱ्या गोष्टी लिहून घ्या. शेवटचा स्लॉट साडेनऊला संपावा, पावणेदहाला अर्धे दिवे आणि दहाला सगळे बंद, तेही टायमरवर. माणसाच्या हातात स्विच असला की ‘शेवटची ओव्हर’ संपत नाही. साडेनऊ ते दहा गेटवर एक माणूस, पार्किंग रस्त्यावर नाही. स्पीकर नाही, शिट्टी आठनंतर नाही.

आवाजाचा मोठा भाग लोखंडी पाइप आणि तारेच्या जाळीवर चेंडू आपटण्याचा असतो. आत दीड-दोन फूट अंतर सोडून नायलॉनची सैल जाळी टांगली आणि खालच्या फळ्यांमागे रबर लावलं की तो खणखणाट जातो. हिरवं शेडनेट लावून ‘साउंडप्रूफ केलं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ज्यातून वारा जातो त्यातून आवाजही जातो. खरा अडसर भरीव हवा, दर चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास वजनाचा, खाली फट नसलेला आणि तुमच्या खिडकीतून खेळाडू दिसणार नाहीत इतका उंच. नजरेची रेषा तुटली की साधारण ५ डेसिबल कमी होतात. चौथ्या मजल्यावरून खाली टर्फ दिसत असेल तर कुठल्याही भिंतीचा उपयोग नाही, तिथे फक्त वेळच कमी करून घ्यावी लागते.

करारावर चालक, जागेचा मालक आणि सोसायटीचे पदाधिकारी अशा तिघांच्या सह्या घ्या. टर्फ दर वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्याला चालवायला दिला जातो आणि नवा माणूस ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो, तेव्हा मालकाची सही कामी येते. कराराची एक प्रत परवानगी देणाऱ्या विभागाला आवक करून ठेवा आणि पुढच्या नूतनीकरणाची तारीख वहीत लिहा. त्या तारखेच्या दोन महिने आधी, नूतनीकरणाच्या आदेशात याच वेळा अट म्हणून घालाव्यात, असा अर्ज द्यायचा.